खोबरेल गोठलं की

आंघोळ झाल्यावर दिनानाथांनी खोबरेलची बाटली तळहातावर उपडी केली आणि तेल आलं नाही. त्यांनी बाटली हलवली, बुडावर दोन थापट्या मारल्या, मग खिडकीशी नेऊन पाहिली. आत तेल पांढरंफेक, मेणासारखं घट्ट झालं होतं.

"गोठलं," ते म्हणाले. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

विरारजवळच्या आगाशीला थंडी पडते म्हणजे फार काही होत नाही. डिसेंबर निम्मा सरला की एखाद्या रात्री वारा पडतो, पहाटे वाडीत केळीच्या पानांवरून टपटप दव गळतं, आणि चार दिवस माणसं शाल गुंडाळून ओट्यावर बसतात. पण दिनानाथांच्या घरात थंडीचा दिवस खोबरेलच्या बाटलीवरून ठरायचा. ज्या सकाळी तेल गोठेल, त्या संध्याकाळी काळ्या बिअरची एक बाटली उघडायची. एकच. निम्मी त्यांची, निम्मी वसुंधराची. छत्तीस हिवाळे असं चाललं. सदतिसाव्या हिवाळ्यात बाटली आणली पण उघडली नाही. हा अडतिसावा. वसुंधराला जाऊन अकरा महिने झाले होते आणि ती न उघडलेली बाटली फडताळात, तांदळाच्या डब्यामागे, तशीच उभी होती.

त्यांनी तेल उन्हात ठेवलं आणि कोरड्या केसांवरून कंगवा फिरवला.

नऊच्या सुमारास सुमन आली. ती त्यांची धाकटी बहीण. सासरही आगाशीतच, तीन वाड्या सोडून. वसुंधरा गेल्यापासून ती रोज सकाळी डबा घेऊन येते, आणि डब्यापेक्षा जास्त तोंड घेऊन येते.

"दादा, तेल पाहिलंस का?"

"पाहिलं."

"मग?"

"उन्हात ठेवलंय. वितळेल."

"तेल वितळतं हे मला माहीत आहे. मी आज संध्याकाळचं विचारतेय."

दिनानाथ डब्याचं झाकण काढून घावन मोजल्यासारखे बघत राहिले.

"मी जितेशला फोन केलाय," सुमन म्हणाली. "म्हटलं, तेल गोठलंय, ये. अनुष्कालाही आण."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी सांगायला कशाला लागतं? अकरा महिने बाप-लेक पाहुण्यासारखे बोलताय. बरं आहे का? बरं आहे. ठेवतो. ठेव. अरे, भांडा तरी एकदा! वहिनी असती तर दोघांना पंपाच्या हौदात बुडवून काढलं असतं."

दिनानाथांनी घावनाचा तुकडा मोडला. जितेश का बोलत नाही हे त्यांना ठाऊक होतं. सुमनला अर्धंच ठाऊक होतं.

*

या बाटलीची सुरुवात जितेशच्या जन्मापासूनची. वसुंधराला माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. डिसेंबरात पोरगा झाला आणि तिला दूधच उतरेना. पोर रडून रडून निळं पडायचं. सासूबाईंनी शतावरी दिली, अळीव दिले, खसखशीची खीर दिली. शेवटी नंदाखाल गावच्या लिडियाबाईंना बोलावलं. लिडियाबाई दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, आणि त्या काळच्या जुन्या नर्सबायांची काही काही औषधं त्यांची स्वतःची असत. त्यांनी दिनानाथांना अंगणात बाजूला घेतलं.

"काळी बिअर मिळते का बघ. रोज अर्धा पेला, आठ दिवस. थंडगार नको, अंगाला लागेल इतकी कोमट कर. तिला ऊब येईल, झोप लागेल, दूध सुटेल."

"बिअर? आई मला वाडीत पुरेल."

"मग बिअर म्हणून कशाला सांगतोस?"

लिडियाबाईंच्या शेजारचा सॅन्टन बोटीवर खानसामा होता, तो सुट्टीवर आलेला. त्याच्याकडून चार बाटल्या मिळाल्या. दिनानाथांनी त्या विड्याच्या पानांच्या करंडीत, पानांखाली घालून आणल्या. रोज संध्याकाळी चुलीशी बाटली टेकवून ठेवायची, पितळी पेल्यात ओतायची आणि सांगायचं, काढा.

तिसऱ्या दिवशी आईनं पेला हुंगला. "कसला रे हा काढा? करपवलाय."

"लिडियाबाईंचा आहे. असाच असतो."

आई जरा थांबली. मग म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना चालेल का, विचार तिला."

त्या दिवसापासून आईलाही चार चमचे. गुडघ्यांचं काय झालं देव जाणे, पण म्हातारी आठ दिवस गाढ झोपली. आणि दूध उतरलं. बिअरमुळे की उबेमुळे की आपली वेळ झाली म्हणून, ते कोणाला सांगता आलं नसतं. पुढच्या वर्षी तेल गोठलं त्या सकाळी वसुंधरा म्हणाली, "अहो, तो काढा मिळतो का अजून?"

मग ती पद्धतच पडली. मधली काही वर्षं काळी बिअर कुठे मिळायची नाही. आपल्याकडे सगळ्यांना पिवळी, बर्फासारखी गार हवी. विरारच्या दुकानदारानं तर एकदा तोंडावर सांगितलं, काका, ती जुनी झाली की काळी होते. तेव्हा सॅन्टन कुठून तरी आणून द्यायचा. पुढे मुंबई-पुण्याकडचे छोटे कारखाने तसली बिअर करू लागले आणि दुकानात बाटल्यांची रांगच लागली. एकीत कॉफी, एकीत कोको, एक धुरावलेली, एक इतकी जड की चमचा उभा राहील. दरवर्षी दिनानाथ वेगळी आणायचे आणि वसुंधरा तिला आपल्या परीनं नाव द्यायची. ही भाजलेल्या चिंचोक्यांची. ही निखाऱ्यातल्या आठळ्यांची. ही तव्याला लागलेल्या गुळाच्या पोळीची. ही पोळीचीच तिला सगळ्यात आवडली होती. ती दोनदा आणली.

फ्रीजमधून काढायची तर तासभर आधी. मग वसुंधरा बाटली शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसायची, तान्ह्या पोरासारखी. सोबत सुकेळी. राजेळी केळी सोलून, दिवसचे दिवस उन्हात वाळवून केलेली सुकेळी आगाशीत पूर्वी घरोघर व्हायची. आता थोड्याच घरांत होते. वसुंधराची मऊ, मधाच्या रंगाची असायची. काळ्या बिअरचा एक घोट आणि सुकेळ्याचा एक तुकडा. कडू आणि गोड. तिचा निम्मा पेला तास-दीड तास पुरायचा.

*

किडन्या गेल्याचं मार्चमध्ये कळलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि दिवसाला सातशे मिली पाणी. चहा, औषधाबरोबरचा घोट, आमटी, सगळं धरून सातशे. त्याशिवाय केळं बंद, शहाळं बंद. केळी-नारळीच्या वाडीत राहणाऱ्या बाईला केळं आणि शहाळं बंद.

दिनानाथांनी जितेशची शाळेतली जुनी पाण्याची बाटली काढली. सातशेच्या खुणेवर पांढरी चिकटपट्टी लावली. रोज सकाळी पट्टीपर्यंत पाणी भरून ती खिडकीत ठेवायची. त्यातनंच द्यायचं, आणि औषधाच्या मापाच्या टोपणानं मोजून द्यायचं. ते शिकलेले नव्हते फार, पण वाडीला पाणी कसं मोजून द्यायचं ते त्यांना कळत होतं. इथे चूक होऊ द्यायची नाही असं त्यांनी ठरवलं. ती चिडायची. "जेलर बरा," म्हणायची. पण दुसऱ्या दिवशी डायलिसिसच्या आधी वजन करताना नर्स म्हणायची, बाईंचं वजन अगदी बरोबर आहे, कोण बघतं घरी? तेव्हा ती दिनानाथांकडे बोट दाखवायची आणि जरा ताठ व्हायची.

डिसेंबरात तेल गोठलं. ती सकाळी बाटली हातात घेऊन आली.

"अहो. दोन घोट. माझ्या पाण्यातनं वजा करा."

"पुढल्या वर्षी."

"एक घोट."

"वसू, पुढल्या वर्षी अख्खी बाटली तुझी."

तरी त्यांनी बाटली आणून ठेवली, त्याच पोळीच्या चवीची. तिला दाखवली. म्हणाले, ही तुझी वाट बघतेय. तिनं ती स्वतःच तांदळाच्या डब्यामागे सारली.

जानेवारीत एक दिवस डॉक्टरांनी दिनानाथांना आणि जितेशला बाहेर बोलावलं. म्हणाले, आता हृदय साथ देत नाही. डायलिसिसही झेपत नाही. घरी न्या. पथ्य सोडा, त्यांना हवं ते खाऊ-पिऊ द्या.

जिन्यात जितेश रडला. मग तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "आईला यातलं काही कळता कामा नये, बाबा."

"नाही कळणार," दिनानाथ म्हणाले.

आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्याच हातून ते घडलं. जितेश औषधं आणायला गेला होता. दिनानाथांच्या मनात एकच, ती महिनाभर दोन घोट मागतेय, आता द्यायला हरकत नाही. त्यांनी बाटली काढली, शालीत गुंडाळली, दोन स्टीलचे पेले घेतले, बशीत दोन सुकेळी ठेवली आणि तिच्या खाटेशी गेले. खूश होईल असं वाटलं होतं.

वसुंधरानं बाटली पाहिली. मग सुकेळी पाहिली. मग त्यांच्याकडे पाहिलं.

"किती दिवस म्हणाले?"

"कोण?"

"अहो, चमचा चमचा पाणी मोजलंत माझं. परवा आमटीतला बटाटा वेचून काढलात. आणि आज बाटली घेऊन आलात?"

हातातले पेले एकमेकांवर वाजायला लागले.

"रडू नका," ती म्हणाली. "पेले पडतील."

त्यांनी पेले खाली ठेवले. ती बराच वेळ बशीतल्या सुकेळ्याकडे बघत होती. एक उचललं, हुंगलं, परत ठेवलं.

"जितेशला माहीत आहे?"

"हो."

"मला कळलंय ते त्याला सांगू नका. कधीच नाही. तो माझ्यासमोर किती कष्टानं हसतो. हसू दे."

"घे ना दोन घोट."

"नको. ठेवा ती जागेवर. आणि उद्या सकाळी सातशे मोजून ठेवा, रोजच्यासारखं."

"आता कशाला, वसू?"

"तुम्ही उद्याचं पाणी मोजून ठेवता ना, तेव्हा उद्या आहे असं वाटतं मला." मग ती थोडी हसली. "बाटली पुढल्या थंडीत तेल गोठलं की उघडा. एकट्यानं पिऊ नका पण. सुमनताई गावभर करतील."

त्यानंतर ती अकरा दिवस होती. अकराही दिवस दिनानाथांनी सातशे मोजलं. एका दुपारी जितेश उशाशी बसलेला असताना तिनं पाणी मागितलं. दिनानाथांनी तिच्याकडे पाहिलं. तिनंच विचारलं, "किती झालं?"

"साडेसहाशे."

"मग पन्नास द्या."

"बाबा, ग्लासभर द्या तिला!" जितेश म्हणाला.

त्यांनी पन्नास दिलं. तिनं टोपण ओठांशी धरून शेवटचा थेंब जिभेवर घेतला. जितेश उठून बाहेर गेला तो वाडीतल्या वाडीत फिरत राहिला. तेव्हापासून तो बापाशी नीट बोलला नव्हता.

आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? तिनं सांगितलं म्हणून मोजलं, हे खरं. पण तहान तिला होती. मोजायचं टोपण दिनानाथांच्या हातात होतं, आणि पन्नासच्या पुढे दहा ओतले असते तर तिनं काही टोपण ढकललं नसतं. अकरा महिने ते हेच मनात घोळवत होते.

*

जितेश आणि त्याची बायको अनुष्का सहाला आले. ते विरारला, फुलपाड्याला राहतात. जितेश अंधेरीला एका कंपनीत आहे, पण आज अर्धी सुट्टी टाकली होती. हातात कापडी पिशवी, आत चार बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.

"बरं आहे का?" तो म्हणाला.

"बरं आहे," दिनानाथ म्हणाले.

"झालं, सुरू झालं," सुमन आतून म्हणाली. "अनुष्का, तू इकडे ये गं. या दोघांत बसलीस तर तुलाही थंडी वाजेल."

ओट्यावर चटई अंथरली. सुमननं शेगडीत निखारे केले होते, त्यात आठळ्या पुरल्या. जितेशनं बाटल्या ओळीनं मांडल्या आणि घसा साफ केला. कामावरचा माणूस बोलतो तसा बोलायला लागला. बापाशी बोलायला त्याला तेवढाच विषय होता.

"हा स्टाउट. काळ्या बिअरचाच एक प्रकार, यात ओट्स घातलेत."

"ओट्स?" दिनानाथ म्हणाले. "ते डॉक्टरांनी सुमनला सकाळी खायला सांगितलेत."

"मग आत्यानं उद्यापासून हाच नाश्ता करावा."

"मेल्या, तुझ्या आजीला काढा पाजला तुझ्या बापानं, आता मला नाश्ता पाजतोस होय! घराण्याचंच आहे हे." सुमन म्हणाली आणि पेला पुढे केला. "थोडीच घाल. चवीपुरती."

अनुष्का हसली. जितेशही हसला. त्यांनी एकेक बाटली थोडी थोडी चाखली. ओट्सवाली मऊ होती, दुधावरच्या सायीसारखी. दुसरी कॉफीची. तिसऱ्या बाटलीला जितेश पोर्टर म्हणाला. ती धुरकट होती, चुलीवर तापवलेल्या पाण्यासारखी. चौथी जड आणि गोड, घशातून उतरताना छाती गरम करत जायची.

"सावकाश," जितेश म्हणाला. "ही नऊ टक्के आहे."

"कशी वाटते, बाबा?" अनुष्कानं विचारलं.

दिनानाथांनी घोट तोंडात घोळवला. वसुंधरा असती तर काय म्हणाली असती ते शोधत होते. "फणसपोळी," ते म्हणाले. "उन्हात जरा जास्त राहिलेली."

जितेशनं मान वर केली. "आई असंच सांगायची."

क्षणभर बरं वाटलं सगळ्यांना. मग सुमननं अनुष्काला भाताला तांदूळ काढायला पाठवलं. फडताळाचं दार वाजलं, डबा सरकल्याचा आवाज आला, आणि अनुष्का बाटली हातात धरून बाहेर आली.

"बाबा, ही एक लपवून ठेवलीत की! तांदळामागे होती."

दिनानाथांनी हात पुढे केला, पण जितेशनं ती आधी घेतली. दिव्याकडे धरून त्यानं लेबल वाचलं. मग परत वाचलं.

"ही गेल्या वर्षीची आहे," तो म्हणाला. "आई होती तेव्हाची."

शेगडीत एक आठळी फुटली.

"घरात होती ही?"

"होती."

"ती मागत होती ना? मला म्हणाली होती, तुझे बाबा दोन घोट देत नाहीत. मी हसलो होतो. म्हटलं, डॉक्टरांचं ऐक. पण नंतर डॉक्टरच म्हणाले ना, हवं ते द्या? मी होतो तिथे, बाबा. तुम्ही आणि मी होतो. आणि ही इथे, दहा पावलांवर होती."

"जितेश," अनुष्का हळूच म्हणाली.

"नाही, बोलू दे. पन्नास मिली. ती टोपण चाटत होती. मी कितीदा डोळे मिटले की तेच दिसतं. तुम्हाला एकदाही वाटलं नाही का, की आता कशासाठी मोजतोय आपण?"

सुमन भावाकडे बघत होती. दिनानाथांच्या तोंडात वाक्य तयार होतं. तिनं सांगितलं होतं. पाच-सहा शब्दांचं काम होतं. ते बोलले की अकरा महिन्यांचं ओझं उतरलं असतं, पोरगा जवळ आला असता, कदाचित पाया पडला असता.

"जितेश, तुझ्या आईला," त्यांनी सुरुवात केली.

"एकच बरं झालं," जितेश म्हणाला. त्यानं मनगटानं नाक पुसलं. त्याला बापाचं वाक्य ऐकूच गेलं नव्हतं. "तिला कळलं नाही. शेवटपर्यंत उद्याचं बोलत होती. मार्चमध्ये सुकेळी घालू, त्या कोपऱ्यातल्या राजेळीचा घड तयार होईल, म्हणत होती. घाबरली नाही ती. तेवढ्यावर मला झोप लागते, बाबा. नाहीतर लागली नसती."

दिनानाथांनी तोंड मिटलं.

त्यांनी काडीनं एक आठळी निखाऱ्यात सारली. मग म्हणाले, "नाही दिली मी. पाणीही दिलं नाही. द्यायला हवं होतं."

हे बोलताना त्यांना कळलं की यात खोटं काहीच नाही.

जितेशनं बापाकडे पाहिलं. बापानं कधी आपलं चुकलं म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. पंप जळला तेव्हा नाही, वाडीचा रस्त्याकडचा तुकडा विकला तेव्हाही नाही. तो भांडायला तयार होता, पण आता भांडायला काही उरलं नव्हतं.

"चुकलं माझं," दिनानाथ म्हणाले. "तेल गोठलंय. उघड ती."

"ही? तारीख उलटून गेलीय."

"बिघडली असेल?"

"नाही," जितेश म्हणाला. "काळी टिकते. जरा मुरते उलट."

दिनानाथ उठले. आतून शाल आणली, वसुंधराचीच, विटकरी रंगाची. ती बाटलीभोवती गुंडाळून पोराच्या मांडीवर ठेवली. त्याला कळलं. तो तशीच धरून बसला. सुमन डोळ्यांना पदर लावून आत गेली. तिच्यामागून अनुष्काही गेली.

थोड्या वेळानं दिनानाथ दोन स्टीलचे पेले घेऊन आले. जितेशनं झाकण उडवलं. फेस फार आला नाही. दिनानाथांनीच ओतलं, दोन्ही पेल्यांत सारखं, पेल्याच्या काठापर्यंत, थेंबाचाही फरक नाही. हात सवयीचा होता. एक पेला त्यांनी आपल्यापुढे ठेवला आणि दुसरा उजव्या बाजूला, जिथे ती बसायची तिथे.

जितेश त्या पेल्याकडे बघत होता.

"घे," दिनानाथ म्हणाले.

"आईचा आहे तो."

"पहिली बाटली आणली ती तुझ्या दुधासाठी आणली होती. ती प्यायची, तुला मिळायचं. तिच्या वाट्याची तुझीच."

जितेशनं पेला उचलला. घोट घेतला.

"कशी आहे?"

"करपलेली," जितेश म्हणाला.

"गुळाच्या पोळीची. तव्याला लागलेली."

"हो. तीच."

दोघं सावकाश प्यायले. वसुंधराला तास-दीड तास पुरायची, यांनाही पुरली. मधे जितेशनं विचारलं, कोपऱ्यातल्या राजेळीचं काय झालं? दिनानाथांनी सांगितलं, घड उतरवला मार्चमध्ये, पण सुकेळी घालायला कोणी नव्हतं, विकून टाकला. आता नवा कोंब मोठा झालाय. जितेश म्हणाला, आत्याला येतात ना घालता? सुमन आतून ओरडली, "आत्याला सगळं येतं! केळी सोलायला माणसं लागतात!"

जेवणं झाली. निघताना जितेशनं पायरीवर चपला घातल्या, गाडीची किल्ली शोधली आणि वळून म्हणाला, "उद्या येतो."

"उद्या कामावर नाही का?"

"शनिवार आहे उद्या. कोपऱ्यातली ती केळ बघायचीय. आणि पंपाचा आवाज बरोबर येत नाहीये, ऐकलं मी."

"ये," दिनानाथ म्हणाले.

गाडी देवळाकडे वळेपर्यंत ते ओट्यावर उभे होते. मग आत आले. पेले विसळले. फडताळाच्या वरच्या खणातून त्यांनी पांढऱ्या पट्टीची बाटली काढली. वसुंधरा गेल्यापासून तिला हात लावला नव्हता. धूळ पुसली, आतून धुतली आणि मोरीतल्या नळाखाली धरली.

पाणी पट्टीपर्यंत आलं. सातशे.

त्यांचा हात नळावर होता, पण तो फिरेना. पाणी पट्टीच्या वर गेलं, बाटलीच्या गळ्याशी आलं, काठावरून त्यांच्या बोटांवर सांडायला लागलं. गार होतं. त्यांनी ते सांडू दिलं.